वर राहता येईल अशी गोळी

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा पोलादपूरला होती आणि पोलादपूर डोंगराखाली होतं, म्हणून माझं शिक्षण तिथंच संपलं. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे कुणी माझ्याकडून डॉक्टरकी शिकायला बसणार नाही. मला अर्धांगाचा झटका आला, त्यातून मी उठले, आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून एका वर्षात तीन वेगवेगळ्या गोळ्या घेऊन पाहिल्या. लोक विचारतात, त्यातली चांगली कुठली. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. उजव्या हाताने लिहिते, पण सावकाश.

हात सुटला तो दिवस

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगराच्या माथ्याला आहे. एसटीच्या रस्त्यापासून पायवाटेने चढून यावं लागतं आणि मध्ये एक ओढा लागतो. नवरा गेल्यापासून घरात मी एकटी. एक म्हैस, दोन बैल आणि थोडी भाताची जमीन. मुलगा बाळाराम महाडच्या कारखान्यात कामाला आहे आणि बिरवाडीत खोली घेऊन बायको-मुलीबरोबर राहतो. माझ्या घराला लागून माझ्या धाकट्या जावेचं, गंगूचं घर. तिचा नवरा आणि मुलगे मुंबईला. घरात ती आणि तिच्या दोन सुना.

शिमगा झाला होता. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आम्ही आधी भाजून घेतो. शेण, पालापाचोळा, गवत असे थर लावायचे आणि पेटवायचं. मी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन चालले होते. उजवा हात भाऱ्यावरून आपोआप खाली आला आणि भारा पडला.

"काय गो बाय, टाकलंस का?" गंगू लांबून म्हणाली.

मला म्हणायचं होतं, हातात जोर नाही. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. गंगूला वाटलं मी रागावले आहे. मी बऱ्याचदा बोललेल्याला उत्तर देत नाही, त्यामुळे तिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

"नको बोलूस. राग असला तर घरात जा," असं म्हणून ती पुन्हा पाला पसरायला लागली.

मी उभ्याची बसले. मग तिने वळून पाहिलं, माझं तोंड एका बाजूला गेलेलं दिसलं आणि तिने हाक घातली. वाडीतल्या पुरुषांनी जाड बांबूला घोंगडी बांधून डोली केली, मला त्यात घातलं आणि खांदे बदलत रस्त्यापर्यंत आणलं. पोलादपूरला रक्तदाब बघून महाडला पाठवलं. महाडच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला जीपने मुंबईच्या वाटेला लांब पाठवलं. डोक्यात गुठळी अडकली आहे की शीर फुटली आहे हे फोटोशिवाय कळत नाही, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर माणूस जातो, असं त्यांनी बाळारामला सांगितलं. म्हणून सांगते, असं काही झालं तर तोंडात कुठलीही गोळी कोंबू नका. आधी दवाखाना गाठा.

माझ्या डोक्यात गुठळी निघाली.

सगळे माझ्यासमोर बोलत होते

मला ऐकू येत होतं. कळतही होतं. बोलता मात्र येत नव्हतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही. बोलत नाही म्हणजे समजत नाही असं माणसं धरून चालतात. बाजारात म्हशीसमोर म्हशीबद्दल बोलतात तसे सगळे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होते.

बाळाराम सुलभाला, म्हणजे माझ्या सुनेला, म्हणाला, "आता आये वर राहायची नाय. गुरं विकून टाकू आणि घराला कुलूप घालू."

"त्यांना विचार तरी," सुलभा म्हणाली.

"काय विचारू? ती काय सांगणार हाय?"

मी छताकडे बघत पडले होते. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही. माझं घर माझ्यासमोर बंद होतंय आणि मला 'नको' म्हणता येत नाही, याची भीती वाटली.

परत महाडला आणलं, तिथे दवाखान्याच्या खोलीत आम्ही सहा बायका होतो. सकाळी सिस्टर येऊन म्हणायची, "आजी, माझी बोटं दाबा." मी डाव्या हाताने दाबायची. "त्या हाताने नाही, या हाताने." उजवा हात चादरीवर पडलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग फरशी पुसली जायची, मग चहा, मग डॉक्टर. सुलभा खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि माझं सगळं करायची. सगळं म्हणजे सगळं. सुनेने आपल्याला धुवावं याची लाज किती वाटते ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच माहीत. तिने एकदाही नाक मुरडलं नाही. मी तिच्याकडे बघायची नाही, तीही माझ्याकडे बघायची नाही, आणि त्यामुळे ते निभावलं.

तिथली एक आया होती. माझे केस शिमग्यापासून विंचरलेले नव्हते, धुळीने भरले होते. तिने एका दुपारी न सांगता तेल आणलं, मला भिंतीला टेकवून बसवलं आणि गुंता सोडवला. तिचं ते काम नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी उठेन.

पुढे काही दिवसांनी जिभेला वळण आलं. माझा पहिला शब्द 'नाय' होता. सिस्टर दूध घेऊन आली होती, तिला म्हटलं. ती हसली. तिला वाटलं दूध नको आहे. मी तो शब्द बाळारामसाठी तयार करत होते.

पांढरी

घरी सोडताना डॉक्टरांनी लहान पांढरी गोळी दिली. तिचं नाव अ‍ॅस्पिरिन. ते म्हणाले, "आजी, लोक हिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पातळ वगैरे होत नाही. रक्तात बारीक कण असतात. जखम झाली की ते धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबतं. तुमच्यात ते नको तिथे चिकटले. ही गोळी त्यांना जरा आळशी करते."

"मग जखम झाली तर?"

"तर रक्त थांबायला वेळ लागेल. दाबून धरायचं, घाबरायचं नाही. रोज नाश्त्यानंतर एक. आपल्या मनाने बंद करायची नाही."

थोडे दिवस बिरवाडीला राहिले. हात वर जायला लागला, पाय फरफटायचा थांबला, तशी मी वर जायला निघाले. बाळाराम नको म्हणत होता. त्याला वैशाख संपेपर्यंत म्हणून सांगितलं आणि गेले.

गंगूने गोळी हातात घेऊन पाहिली. "एवढीशी? ही तुझा रगात पातळ करणार? ताकासारखा?"

"रगात पातळ नाय होत. कण आळशी होतात."

"आळशीच व्हायचा तर आमच्या थोरल्या सुनेला बघ, गोळी पण लागत नाय," गंगू म्हणाली. थोरली सून आतून भांडी आपटायला लागली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. डॉक्टरांनी नाश्त्यानंतर सांगितलं होतं. आमच्यात नाश्ता नसतो. पहाटे उठून कोरा चहा घ्यायचा, गोठा काढायचा, धार काढायची, पाणी आणायचं, आणि उन्हं वर आल्यावर भाकरी. मी गोळी चहाबरोबर घ्यायची. सकाळची गोळी सकाळी घेतली, एवढाच माझा हिशेब. पोटात जळजळायचं. मी थंड पाणी प्यायची आणि कामाला लागायची.

त्यात करवंदांचे दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत सगळी वाडी जाळीजाळीतून करवंदं खात फिरते, मागून जांभळं येतात. खाणाऱ्याची जीभ काळी, ओठ काळे आणि परसाकडंही काळं. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं. त्यात कुणी आजार बघत नाही. माझंही काळं होतं आणि मीही करवंदं खात होते. विषय संपला.

मग मला चढावर दम लागायला लागला. झऱ्यावरून हंडा घेऊन येताना मध्येच बसावं लागायचं. डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी म्हटलं, ऊन आहे, वय आहे, झटका येऊन गेलाय.

पाऊस लागला. जाळीवर उरलेली करवंदं कुजून गळून गेली. आम्ही दोघी रोपाच्या जागेवर होतो. मी बांधावर बसले ती उठेना. गंगू माझ्याजवळ आली, माझी पापणी खाली ओढून बघितली. म्हशीची बघतात तशी.

"पांढरीफटक हायस गो, बाय." मग म्हणाली, "परसाकडला कसा होतो?"

"काळा. तुझ्यासारखाच."

"माझा काळा नाय. करवंदं कधीच संपली."

मला अजून तिचा चेहरा आठवतो. तिला माझ्या आधी समजलं.

पुन्हा खाली

पुन्हा डोली, पुन्हा महाड. पोटात आतून रक्त झिरपत होतं. काळं होतं ते करवंदांचं नव्हतं, रक्ताचं होतं. पोटातून उतरताना रक्त डांबरासारखं काळं आणि चिकट होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आता मी सांगते आहे. गोळी चालू असेल तर रोज मागे वळून बघायचं. लाजायचं नाही.

मला रक्त चढवलं. बाळारामच्या कारखान्यातल्या दोन मुलांनी दिलं. मी त्यांना ओळखतही नव्हते.

डॉक्टर चिडले होते, पण ओरडले नाहीत. "गोळी कधी घेत होता?"

"पहाटे."

"पोटात काय असायचं तेव्हा?"

"चहा."

त्यांनी डोकं हलवलं. मग म्हणाले की पांढरी बंद. मला आनंद झाला, वाटलं सुटले. पण ते म्हणाले, "काहीच न घेता सोडता येणार नाही. पुन्हा गुठळी झाली तर या वेळेसारखं निभावेल असं मी म्हणू शकत नाही. दुसरी गोळी आहे. ती कणांना वेगळ्या पद्धतीने आळशी करते. पोटाला इतकी जाळत नाही."

"मग आधीच का नाही दिलीत?"

"कारण ही दुसरीकडे त्रास देऊ शकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधी कधी कमी करते. फार जणांना नाही होत, पण ज्याला होतं त्याच्या ते आधी लक्षात येत नाही. म्हणून पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. चुकवायचं नाही."

मी म्हटलं, "पावसात आमचा ओढा भरतो. दर पंधरवड्याला खाली कशी येणार?"

"मग खाली राहा," डॉक्टर म्हणाले. बाळाराम माझ्याकडे न बघता चपला घालायला लागला.

मधली

दुसऱ्या गोळीचं नाव टिक्लोपिडिन. मी तिला मधली म्हणते. सकाळी जेवणानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. या गोळीने माझं पोट जाळलं नाही, ढाळलं. सारखं जावं लागायचं.

बिरवाडीत बाळारामची एक खोली. पुढे स्वयंपाक, मागे झोपणं. संडास चाळीच्या मागे, सगळ्यांचा मिळून. सकाळी कामगारांची रांग. मी हातात डबा घेऊन उभी. वर मला आख्खा डोंगर होता.

मी सुलभाला काही सांगितलं नाही. ती रोज माझ्यासाठी मासळीचं कालवण करायची, मी अर्धं ठेवायची. एके दिवशी तिने ताट उचललं आणि म्हणाली, "आत्या, माझ्या हातचं चालत नाय का तुम्हाला?"

"चालतं."

"मग ठेवता कशाला? गंगूकाकी बरी रांधते वाटतं."

"पोट बिघडलंय."

"कधीपासून?"

"गोळी सुरू झाल्यापासून."

तिने ताट खाली आदळलं. "आणि मी रोज तिखट घालून वाढते. मी वैरीण हाय का तुमची? सांगायला काय जीभ झडते? देवाने परत दिली ती कशाला?"

मला राग आला. मीही बोलले. म्हटलं, तुमच्या खोलीत मला कोंडलंय, गंगू सांभाळतेय ती माझी गुरं विकायला काढलीत, जीभ वापरून काय उपयोग. ती म्हणाली, गुरं विकायचं मी नाय म्हटलं, तुमच्या लेकाने म्हटलं, त्याला बोला. मुलगी रडायला लागली. शेजारचे रेडिओ बारीक करून ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी गुरगुट्या भात व्हायला लागला. आणि सकाळी मी डबा घेऊन निघाले की सुलभा माझ्यापुढे जायची आणि रांगेतल्या बाप्यांना म्हणायची, "आमच्या आत्यांना आधी जाऊ दे." कुणी कुरकुर केली तर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

रक्त तपासायला महाडला जायची. पहिल्यांदा ठीक निघालं. पुढच्या वेळीही ठीक. मी डॉक्टरांना म्हटलं, उगाच टोचताय. पुढच्या वेळी माझा घसा दुखत होता. मला वाटलं पावसाळी हवा. रक्त देऊन घरी आले. संध्याकाळी चाळीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचा माणूस धावत आला. डॉक्टरांचा फोन होता. गोळी थांबवा, आताच्या आता घेऊन या.

पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. मला वेगळ्या खोलीत ठेवलं, भेटायला येणाऱ्याला हात धुवायला लावले, सुया टोचल्या. ताप चढला आणि उतरला. मी वाचले ती दर पंधरवड्याला रक्त तपासल्यामुळे, हे मला कबूल आहे. मी वर असते आणि ओढा भरलेला असता, तर घसा दुखतोय म्हणून मी मिठाच्या गुळण्या करत बसले असते.

त्या खोलीत पडल्या पडल्या मी खूप विचार केला. एक गोळी पोटातून रक्त काढते. दुसरी रक्तातूनच काहीतरी काढते. न घ्यावी तर डोकं जातं. प्रत्येक गोळी काहीतरी देते आणि त्याबदली काहीतरी मागते. पांढरीने वेळेवर भाकरी मागितली, मी दिली नाही. मधलीने दर पंधरवड्याला मला खाली मागितलं. मला वाटलं, तिसरी असलीच तर ती काय मागते ते आधी विचारायचं.

नवी

तिसरी होती. क्लोपिडोग्रेल. तेव्हा ती आपल्याकडे नवीन आली होती आणि महाग होती.

डॉक्टर म्हणाले, "ही मधलीच्या घरातलीच आहे, पण तिच्याएवढी खोडकर नाही. दिवसाला एक. दर पंधरा दिवसांनी रक्त बघायची गरज नाही, सुरुवातीला एकदोनदा बघू. पोटाला पांढरीपेक्षा जरा मऊ, पण तुमचं पोट एकदा सोललं गेलंय, त्यामुळे पोटाची वेगळी गोळीही घ्यायची. किंवा दुसरा रस्ता आहे. पांढरी पुन्हा सुरू करायची आणि तिच्याबरोबर पोटाची गोळी. तोही वाईट नाही."

बाळारामने विचारलं, "गुठळीला जास्त कुठली अडवते?"

"फार फरक नाही. थोडाफार इकडे तिकडे. लोक मला विचारतात जास्त जोराची कुठली. जोराची असेल तर ती रक्तही जोराने घालवेल. तुमच्या आईला सोसेल ती खरी."

मी म्हटलं, "डॉक्टर, वर राहून घेता येईल का?"

ते बाळारामकडे बघणार होते, ते मला दिसलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघून सांगा."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळी वर चालेल. नवी चालेल. भाकरी खाऊन घ्यायची. पावसाआधी पुरतील एवढ्या नेऊन ठेवायच्या. अंग दुखलं म्हणून दुकानातली दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही, ती या गोळीबरोबर पोट फोडते. काळं दिसलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात सुटला, तर त्याच दिवशी खाली. दुसऱ्या दिवशी नाही."

"त्याच दिवशी खाली," बाळाराम म्हणाला. "कोण आणणार?"

"मागे आणलं त्यांनी," मी म्हटलं.

"मागे आणलं त्यातले किती जण वर हायत, आये? दोघं मुंबईला गेले. एक माझ्याच कारखान्यात लागला. तुझ्या वाडीत आता बाप्ये उरलेत कोण? डोलीला आठ खांदे लागतात. तू सांग ना, कोण धरणार?"

इतके दिवस मी त्याच्याशी भांडत होते की गोळीसाठी मला खाली ठेवतोस. गोळीचा प्रश्न सुटला होता आणि त्याचा प्रश्न तसाच होता. तो खोटं बोलत नव्हता. रागाने बोलत होता, पण घाबरलाही होता. लहानपणी ओढ्याला घाबरायचा तसा.

नवी गोळी सुरू झाली. पोट शांत राहिलं. अंगावर कुठे काय लागलं की निळं पडायचं आणि दात घासताना हिरडीतून रक्त यायचं. मी मिश्री लावायची सोडली, ते कमी झालं. तेवढंच. गंगूने आणि तिच्या सुनांनी लावलेला माझा भात कापणीला आला तेव्हा बाळाराम म्हणाला, आपण दोघं वर जाऊ, कापणी उरकू, गुरं बघायला पोलादपूरचा माणूस यायचा आहे, त्याला दाखवू. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

डोक्यावर

वर पोचलो तेव्हा गंगू अंगणात भारे रचत होती. बाळारामने तिला सगळं सांगितलं. गिऱ्हाईक येणार, घर बंद होणार, कारण आयेला खाली न्यायला माणसं नाहीत.

"माणसं नाय म्हणजे?" गंगू म्हणाली. "आम्ही कोण, शेळ्या?"

"काकी, डोली बाप्यांनी धरायची असते."

"कुणी सांगितला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? बायकांनी कधी धरलीय?"

"बाप्ये होते तवा कशाला धरू?" गंगूने दोन्ही सुनांना हाक मारली. घोंगडी आणि बांबू काढायला लावला. शेजारची एक बाई, तिचा नवराही मुंबईला, ती बघायला आली होती. तिलाही उभी केली. मग बाळारामला म्हणाली, "बस."

"काय?"

"बस बोलते ना. तू तुझ्या आयेपेक्षा जड हायस. तू उतरलास तर ती उतरेल."

तो हसायला लागला. कुणी हसलं नाही, तेव्हा थांबला आणि घोंगडीत बसला.

पहिल्यांदा त्यांनी बांबू खांद्यावर घेतला, बाप्ये घेतात तसा. बाळाराम इकडून तिकडे हेलकावे खायला लागला. धाकटीचा खांदा सोलला. "नाय जमत गो," ती म्हणाली. बाळाराम आतून म्हणाला, "तरी मी बोललो."

गंगूने बांबू खाली ठेवायला लावला. दोन्ही सुनांच्या पदरांची टोकं गुंडाळून तिने चुंबळी केल्या, आम्ही हंड्याखाली ठेवतो तशा, आणि त्यांच्याच डोक्यांवर ठेवल्या. "खांद्याची सवय बाप्यांना. आपली सवय डोक्याची. डोक्यावर घे."

पुढे थोरली, मागे धाकटी, बांबू दोघींच्या डोक्यावर, हाताने धरलेला. दोघी उठल्या. झोळी हलली नाही. गंगू आणि शेजारची बाजूने चालल्या. पायवाटेने त्या झऱ्यापर्यंत उतरल्या, ती वाट उभी आहे, आणि तिथे गंगूने आणि शेजारचीने बांबू आपल्या डोक्यावर घेतला, असं डोकं बदलत पुन्हा वर आल्या. भारा घेऊन चालतात तशाच, मान ताठ, पाय बघून. थोरली सून घामाने भिजली होती. गंगू तिला म्हणाली, "आळशी नायस तू. बोलते मी कधी कधी."

बाळाराम खाली उतरून अंग झटकत उभा राहिला. मग म्हणाला, "आणि पाऊस असला तर?"

"पाऊस असला तर हळू," गंगू म्हणाली.

पोलादपूरचा माणूस आला तेव्हा बाळारामने त्याला चहा दिला आणि बैल तेवढे दाखवले. बैल गेले. नांगराला आता मला कुणाला तरी सांगावंच लागणार होतं, ते ठीक होतं. म्हैस राहिली. मी राहिले.

त्यानंतर

मला पुष्कळ जण गोळी दाखवायला सांगतात. मी दाखवत नाही. माझी बघून आपली बदलतील. मी एवढंच म्हणते, डॉक्टरला जोर विचारू नका. तुम्ही कुठे राहता, सकाळी पोटात अन्न कधी जातं, तुमच्या घरापासून दवाखाना कसा गाठायचा, हे त्याला सांगा, तो विचारो न विचारो. मग जी देईल ती घ्या आणि आपल्या मनाने सोडू नका. खालच्या माणसाला पांढरी छान चालते. आमच्या बाळारामच्या साहेबांना कित्येक वर्षं तीच आहे. माझ्यासाठी ती वाईट होती आणि मधली त्याहून वाईट. नवी मला चालते. उद्या ती चालेनाशीही होईल.

सुलभा मुलीला घेऊन दिवाळीत आणि मे महिन्यात येते. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून बघते. मला ते आवडत नाही, पण मी पट्ट्या तिच्या हातात देते.

पुढच्या लावणीत गंगू बांधावरून घसरली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. ओढा भरलेला नव्हता, पण पाऊस होता. शेजारचीला बोलावून डोली बांधली. मी एक टोक घ्यायला पुढे झाले तर तिच्या सुनांनी मला हाकललं, "तुम्ही पडलात तर दुसरी डोली आणू कुठून?" म्हणून मी पुढे काठी घेऊन शेवाळ बघत चालले आणि निसरडं असलं की सांगत गेले. गंगू आत पडून शिव्या देत होती. सुनांना, पावसाला, वाटेला, आणि मुंबईत बसलेल्या नवऱ्याला. मध्ये दोनदा टेकलो. बांबू या डोक्यावरून त्या डोक्यावर गेला. खाली रस्त्याला पोचेपर्यंत दुपार टळली होती, पण पोचलो.

एसटीची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो. गंगू घोंगडीतून तोंड बाहेर काढून माझ्याकडे बघत होती. दुखत असणार, पण चेहरा मिश्किल होता.

"बरी चालतात गो पोरी," ती म्हणाली. "पुढल्या खेपेला झोळीत तू."

"बघू," मी म्हटलं.